जितकं लांब, तितकं नाव

२ मार्च, रविवार

जुन्या हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती. टाकून देणं जिवावर आलं. आजपासून त्यांत रोजचं लिहीन. रोजचं म्हणजे लिहिण्यासारखं काही घडलं तरच. उगाच शाई कशाला घालवा.

आज घडलं. धाकटीचा सामना पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. ती दोन वर्षं रग्बी खेळते आहे आणि मी दोन वर्षं तिचे चिखलाचे कपडे भिजत घालते आहे, पण मैदानाची पायरी चढले नव्हते. मुलींना एकमेकींच्या अंगावर कोसळताना बघणं माझ्याच्यानं झालं नसतं. पण परवा वन्सं आल्या होत्या, त्यांनी टोमणा मारला. "पोस्टाच्या काउंटरवर किती नीटनेटकी बसते तुझी लेक, आणि रविवारी म्हशीसारखी चिखलात! बघून तरी ये एकदा, काय सुख मिळतं ते." म्हणून गेले. ह्यांना बरोबर घेतलं.

बराचसा खेळ म्हणजे सेल लागलेल्या दुकानाचं दार उघडावं तसा. पण त्यात एक प्रकार मला आवडला, कारण त्यात शिस्तीत रांगा असतात. त्याला लाइनआउट म्हणतात. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की दोन्ही संघांच्या मुली समोरासमोर रांगा करतात. मध्ये एक मीटरचा बोळ. आमची धाकटी रेषेबाहेर उभी राहून दोन्ही हातांनी डोक्यावरून चेंडू त्या बोळात फेकते, आणि दोघीजणी मिळून तिसरीला वर उचलतात, ती तो हवेत झेलते. कुठे फेकायचा, पुढे, मधे की मागे, हे आधी परवलीच्या शब्दाने ठरतं. आपल्या मुलींना कळतं, समोरच्यांना कळत नाही. समोरच्यांनी ओळखलं तर त्याही तिथेच आपली मुलगी उचलतात आणि चेंडू पळवतात.

उचलतात म्हणजे चड्डीला धरून. मी मान खाली घातली. ह्यांनी कोपराने ढोसलं. "अगं बघ की. कायद्यात बसतं ते."

फेक मात्र अगदी सरळ जायला हवी. आपल्या बाजूला झुकली की शिट्टी, आणि फायदा समोरच्यांना. धाकटीने अकरा वेळा फेकला, त्यातले चार वाकडे गेले. मोजायची सवय जात नाही. घरी येताना ती खिडकीबाहेर बघत होती.

३ मार्च, सोमवार

सकाळी तिला म्हटलं, "हात थरथरतो तुझा. देवाचं नाव घेऊन फेकत जा."

"आई, तिथे पूजा मांडायला वेळ नसतो."

"पूजा कोण म्हणतंय? मनातल्या मनात. जवळ फेकायचा असेल तर तीनदा, मधे पाचदा, लांब असेल तर सातदा. काम जितकं मोठं तितकं नाव जास्त."

"पंच शिट्टी मारतील उशीर केला म्हणून."

मी ह्यांचं घड्याळ समोर ठेवून सात वेळा नाव घेतलं. चार सेकंद. तिला दाखवलं. हसत गेली कामावर, पण नाही म्हणाली नाही.

७ मार्च, शुक्रवार

ह्यांचं रंगकाम लवकर आटोपलं. भिंतीवर सरळ पट्टा ओढायला ह्यांच्याकडे निळ्या भुकटीची दोरी असते. दोन टोकं ताणून मधे टिचकी मारली की रेघ उमटते. ती दोरी मागच्या अंगणात ताणून फरशीवर बोळ आखला. हे रंगाऱ्याच्या शिडीवर चढून हात वर करून उभे. धाकटी फेकते, हे झेलतात. बारापैकी दहा. दोन चेंडू शेजारणीच्या वाळवणाच्या दोरीवर.

फेकण्याआधी तिचे ओठ हलताना दिसले. फरशी पुसताना ती रेघ तेवढी सोडली.

९ मार्च, रविवार

हिरव्या संघाशी सामना. दहा फेकी, नऊ आपल्या. एकही वाकडी नाही! धाकटीच्या कोचबाई, पूर्वी दवाखान्यात परिचारिका होत्या त्या, मला म्हणाल्या, "काय खायला घालता हो हिला?" मी नुसतं वर बोट दाखवलं.

मी आता दर रविवारी जाणार आहे. खेळाची आवड म्हणून नव्हे. कुणीतरी फेकींची नोंद ठेवायला हवी. वहीत चार रकाने आखले: किती नावं, कुठे फेकला, कुणी झेलला, शेरा.

१६ मार्च, रविवार

निळ्या संघाशी सामना. आज डोकं चालत नाही.

मध्यंतरापर्यंत पाच फेकी, पाचही आपल्या. मध्यंतरात बाकावर शेजारी एक सोज्ज्वळ बाई येऊन बसल्या. हातात थर्मास, गळ्यात जपमाळ. आपल्यासारखंच देवाधर्माचं माणूस भेटलं म्हणून बरं वाटलं. चहा दिला. म्हणाल्या, "ती चेंडू फेकणारी तुमची का? किती शांत आहे!" मग मीही सांगितलं, शांत कशी झाली ते. तीन, पाच, सात. त्यांचे डोळे पाणावले. मला म्हणाल्या, "संस्कार दिसतात हो." उठून पलीकडे गेल्या, आपल्या मुलीला पाणी द्यायला.

उत्तरार्धात सहा फेकी, एक आपली. फेक सरळ, आमची उंच मुलगी (सगळ्या तिला जिराफ म्हणतात) वेळेवर वर गेली, तरी समोरच्या तिच्याही आधी तिथे हजर. हरलो.

एक मात्र सांगण्यासारखं. रांगेच्या अलीकडे, धाकटीपासून चार पावलांवर, निळ्यांची एक मुलगी उभी राहते. तिथे एक उभी राहू शकते असा नियमच आहे. ती मुलगी हात मागे बांधून, देवळात उभं राहावं तशी, धाकटीच्या ओठांकडे एकटक बघत होती. मागे बांधलेल्या हाताची बोटंसुद्धा हलत होती, जप केल्यासारखी. समोरच्या संघातही श्रद्धाळू मुली आहेत तर.

१८ मार्च, मंगळवार

कोचबाईंना वाटतं, परवलीचे शब्द फुटले. ते शब्द म्हणजे ह्यांच्या डब्यांवरच्या रंगांची नावं: राखाडी पुढे, पिस्ता मधे, विटकरी मागे. आता सगळी अदलाबदल केली आहे. धाकटी भाकरी थापल्यासारखी दोन्ही हातांनी उशी थोपटत नवे शब्द पाठ करत होती.

२३ मार्च, रविवार

पिवळ्या संघाशी सामना. नऊपैकी आठ. जिंकलो. नवे शब्द लागू पडले म्हणायचे. आता अंतिम सामना खेळायला मिळणार हे नक्की. वन्संना फोन केला. त्या म्हणाल्या, "म्हशीला बक्षीस मिळणार म्हण की." मी म्हटलं, "मिळालं तर गोठा सारवून ठेवीन."

३० मार्च, रविवार

निळ्यांशी पुन्हा. नऊ फेकी, दोन आपल्या. सात गेल्या! एकदा तर निळ्यांची मुलगी आमच्या जिराफच्या आधीच हवेत. पंचांकडे मी बसल्या जागेवरून दाद मागितली, पण चेंडू हातातून सुटल्यावरच उचललं होतं म्हणे. थर्मासवाल्या बाईंनी लांबून हात केला. मी पण केला.

सामना संपल्यावर कोचबाई धाकटीला बाजूला घेऊन बोलल्या. मी पिशवी भरत होते, तरी कानावर पडलंच. "तेरा तारखेला अंतिम सामना निळ्यांशीच आहे. ह्यांच्यासमोर तुझा हात बसत नाहीये. त्या दिवशी बदली मुलगी फेकेल. मनाला लावून घेऊ नकोस."

बसमध्ये धाकटी एवढंच बोलली, "बरोबर आहे त्यांचं. माझ्या हातातच खोट आहे."

१ एप्रिल, मंगळवार

चेंडू माळ्यावर टाकला तिने. कामावरून आली, जेवली, ताट घासून पालथं घातलं. विचारलं तर म्हणाली, "पुरे झालं आता. पुढच्या वर्षी नाही खेळणार. आत्याला सांग, म्हैस धुऊन बांधली."

दोन वर्षं मला वाटत होतं, सुटेल एकदाची ही चिखलातली कटकट. आज तिने स्वतःहून सोडते म्हटलं तर मी माझं वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. असं का व्हावं कळत नाही.

ह्यांनी अंगणातली शिडी आत ठेवली नाही. "मला परवा लागणारच आहे," म्हणाले. परवा ह्यांना काम नाही.

३ एप्रिल, गुरुवार

दुपारी वही घेऊन बसले. मन लागत नसलं की मी बेरजा करते.

हिरवे: दहात नऊ. पिवळे: नवात आठ. निळे, पहिला सामना: अकरात सहा. निळे, दुसरा: नवात दोन. मग म्हटलं, पहिल्या सामन्याचे दोन भाग करून बघू. मध्यंतराआधी पाचात पाच. मध्यंतरानंतर सहात एक.

हात त्याच दिवशी, तासाभरात कसा बिघडेल? परवलीचे शब्दही फुटले नव्हते. ते बदलले तरी निळ्यांना कळलंच. मधल्या दहा मिनिटांत मैदानावर काही झालंच नाही. मैदानाबाहेर काय झालं? चहा झाला.

वही हातातून पडली.

त्या मुलीची मागे बांधलेली बोटं. तीन, पाच, सात. ओठ तिनावर थांबले की पुढे, पाचावर थांबले की मधे, पुढेही हलत राहिले की मागे. तिने बोटं दाखवायची आणि मागच्यांनी तिथे उभं राहायचं. आणि त्या बाई आपल्या मुलीला पाणी द्यायला गेल्या होत्या ती हीच!

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि मी ती परक्या बाईच्या ओंजळीत उघडून आले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. देवापुढे बसले, पण नाव घ्यायला तोंड उघडेना.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सांगून टाकलं. ती बूट घालत होती. वही तिच्यासमोर उघडी ठेवली, आकडे दाखवले, चहाचं सांगितलं. बोलताना मी तिच्याकडे न बघता बुटाच्या नाडीकडे बघत होते.

"तू त्यांना सांगितलंस? नावांचं?"

"कौतुकाने बोलून गेले गं. मला काय ठाऊक, त्या कोण!"

तिने पायातला बूट काढून हातात घेतला. मला वाटलं, आता बूट फेकून मारते. ती खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "म्हणजे माझा हात चांगला आहे! आई, माझ्या हाताला काही झालेलं नाही!"

"काही झालेलं नाही. झालंय ते माझ्या जिभेला."

पोस्टात उशिरा गेली आज. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा.

५ एप्रिल, शनिवार

कोचबाईंकडे आम्ही तिघं गेलो. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, कपाळावर हात मारला, मग म्हणाल्या, "काकू, असा तक्ता मला वीस वर्षांत कुणी करून दिला नाही." थोडा विचार करून म्हणाल्या, "पहिल्या तीन फेकी हिच्या. तिन्ही आपल्याकडे आल्या तर पुढेही हीच फेकेल. एक जरी गेली, तर बदली."

खरा पेच पुढे आला. धाकटी म्हणाली, "सोपं आहे. सात नावं घेते आणि पुढे टाकते. बसतील मागे बघत."

"देवाच्या नावाने फसवायचं?"

कोचबाई म्हणाल्या, "काकू, फेकल्यासारखं करून हात मागे घेतला तर नियम मोडतो. ओठांबद्दल कायद्यात काही नाही."

"कायद्यात नसेल. माझ्यात आहे."

घरी परत येताना हे शांतपणे म्हणाले, "मला काय कळतंय तुमच्या खेळातलं. पण तू देवाशीसुद्धा खतावणी ठेवलीस. इतक्या अंतराला इतकं नाव. त्याने मागितलं होतं का तसं?"

मला राग आला. स्वयंपाक होईपर्यंत भांडी आपटत राहिले. वाढताना धाकटीला म्हटलं, "मोजू नकोस. येईल तेवढं घे. कधी दोनदा, कधी सहादा, कधी एकदाच. फेक कुठे जाणार याचा त्याच्याशी संबंध नाही."

"आणि त्या मुली मोजत बसल्या तर?"

"बसू देत. कुणाला देवाचं नाव मोजायचं असेल तर मी कोण अडवणार?"

ह्यांना ठसका लागला. चेंडू माळ्यावरून ह्यांनीच काढला.

११ एप्रिल, शुक्रवार

चार दिवस रोज कामावरून आल्यावर अंगणात पन्नास फेकी. शेवटच्या पन्नासात फक्त तीन वाकड्या. ह्यांच्या दंडाला गोळे आले आहेत, शेकायला पाण्याची पिशवी दिली. शेजारीण वाळवण आता आमच्याकडच्या बाजूला घालत नाही.

१३ एप्रिल, रविवार

परत आलो.

पहिली फेक. निळ्यांची ती मुलगी हात मागे बांधून तयार. धाकटीचे ओठ जेमतेम दोनदा हलले. मुलीने बोटं दाखवली, निळ्यांनी पुढची उचलली. चेंडू त्यांच्या डोक्यावरून सरळ मागे, जिराफच्या हातात. दुसरी फेक: ओठ बराच वेळ हलत होते, निळ्यांनी सगळा भार मागे नेला, चेंडू आला पुढे. एकटीच झेलत होती आमची, घरी फळीवरचा डबा काढावा तशी. तिसऱ्या वेळी त्या मुलीने बोटं दाखवलीच नाहीत, मागे वळून आईकडे बघितलं. थर्मासवाल्या बाई थर्मासचं झाकण लावत बसल्या होत्या. तिसरीही आपली. कोचबाईंनी बदली मुलीला खूण केली, बस खाली.

माझ्या छातीवरचा धोंडा तेव्हाच उतरला. पुढचं सगळं वरकड.

पण ते वरकडही सोपं नव्हतं. निळ्यांनी मोजणं सोडलं आणि रीतसर खेळायला लागल्या. चांगल्या खेळतात, खोटं कशाला बोला. दोन फेकी त्यांनी स्वतःच्या उडीवर घेतल्या. दोन मिनिटं राहिली तेव्हा त्यांचे चौदा, आपले दहा. तेवढ्यात त्यांची चूक झाली आणि त्यांना शिक्षा म्हणून लाथ मारायची संधी आपल्याला मिळाली. गोलावर लाथ मारली तर तीनच गुण, ते पुरणार नव्हते. म्हणून आपल्या मुलीने चेंडू कोपऱ्यात बाहेर मारला. शिक्षेच्या वेळी बाहेर मारला तरी फेक आपलीच राहते. निळ्यांच्या शेवटच्या रेषेपासून पाच मीटरवर लाइनआउट.

आपण रांगेत पाचच मुली ठेवल्या. फेकणारा संघ ठरवेल त्याहून जास्त समोरच्यांना उभं राहता येत नाही. त्यांच्या दोघी धावत मागे शेवटच्या रेषेवर गेल्या. धाकटीने चेंडू डोक्यावर नेला.

आणि मी डोळे मिटले. काय करणार, मिटलेच.

हे ओरडले तेव्हा उघडले. जिराफ चेंडू पोटाशी धरून खाली आलेली, बाकीच्या तिला मोळी बांधावी तशा बिलगलेल्या, आणि ती अख्खी मोळी पुढे सरकत होती. निळ्या रेटत होत्या, पण मोळी सरकत सरकत रेषेपार जाऊन कोसळली. पाच गुण. पंधरा-चौदा.

ह्यांनी माझं मनगट धरलं होतं. चारही बोटं उमटली आहेत. विचारलं तर म्हणतात, "तू पडशील म्हणून धरलं."

१४ एप्रिल, सोमवार

कपडे तीन पाण्यांतून काढले, तरी चिखल सुटेना. वन्संचा फोन आला, "म्हशीचा फोटो पाठव." दोन पाठवले. धाकटीने कामावर जाताना खेळायचे बूट माळ्यावर टाकले नाहीत, दारात ठेवले. कोचबाईंनी निरोप दिला आहे, पुढच्या हंगामाला काकूंनी वही घेऊन यावं. मी म्हटलं, बघू, घरची कामं असतात. नवी वही आणायला ह्यांना सांगितलं आहे. हिची पानं संपत आली.

कालच्या शेवटच्या फेकीची ओळ अपुरी आहे. कुठे फेकला, कुणी झेलला, ते ह्यांनी सांगितलं. किती नावं, ते धाकटीला विचारलं. "मोजली नाहीत गं," म्हणाली. तो रकाना तसाच सोडला.

एक लिहायचं राहिलं. काल सामना संपल्यावर त्या थर्मासवाल्या बाई आल्या. मान खाली. "रागावलात?" मी म्हटलं, "तुमच्या जागी मी असते तर मीही लेकीला सांगितलंच असतं." खरंच सांगितलं असतं. त्यांनी चहा ओतला, आम्ही दोघी बाकावर बसलो. त्यांच्या मुलीचा खांदा दुखावला होता, त्यावर काय लावायचं ते बोललो. मग त्या जरा सरकून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "पण काय हो, चेंडू इतका सरळ कसा फेकते ती? घरी काही करून घेता का?"

निळ्या भुकटीची दोरी अगदी जिभेच्या टोकावर आली होती.

मी म्हटलं, "चहा छान झालाय."